अडीच गुंठ्यांचं रान



इंग्लंडमध्ये घरापुरती भाजी पिकवायला नगरपालिका जमिनीचे तुकडे भाड्याने देतात. त्यांना अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तिथे असे तुकडे पुरवण्याचं बंधन १९०८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर घातलं. जुन्या मापाने पुरा तुकडा दहा रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. यादीत नाव घालून लोक वर्षं काढतात, आणि शेवटी हाती येते ती बऱ्याचदा कुणीतरी कंटाळून सोडलेली जागा. कमरेएवढं गवत, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि आपल्या हरळीला भारी पडेल असं मुळांचं जाळं.

अशा वेळी सगळं एका दिवसात सपाट करावंसं वाटतं. पण ती जागा ओसाड दिसली तरी रिकामी नसते. मार्च ते ऑगस्ट जाळीत पक्ष्यांची घरटी असतात आणि नांदतं घरटं मोडणं तिथे गुन्हा आहे. थंडीत त्याच जाळीखाली हेजहॉग झोपी जातो. उरतात सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हाही एका कडेने, थोडं थोडं आणि आधी वीतभर उंची ठेवून कापायचं, म्हणजे आतल्या जिवांना सरकायला वाट मिळते. त्यांत स्लोवर्म असतो. दिसतो सापासारखा, पण ही बिनपायाची पाल. बिचारा निष्कारण मार खातो. खरं तर भाजी कुरतडणाऱ्या बिनशंखी गोगलगायी हे त्याचं आवडतं खाणं. त्या मारायला वापरायचं मेटाल्डिहाइड हे विष २०२२पासून तिथे बाहेर वापरायला बंदी आहे. मग हा फुकटचा राखणदार कशाला घालवायचा?

एका कोपऱ्यात नेटल राहू द्यावं. अंगाला लागलं की आग होते, मान्य. पण पीकॉक फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. शेजारी उतरत्या काठाचं छोटं तळं करावं. त्यात मासे सोडू नयेत, ते बेडकांची अंडी-पिल्लं खातात. बेडूकही दुसरीकडून आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतो. पाणी असलं की ते आपले आपण येतात.

मात्र सगळंच रान ठेवलं, तर अलॉटमेंटची देखरेख करणाऱ्या समितीची नोटीस ठरलेली. ही जागा मुख्यत्वे घरच्या भाजी-फळांसाठी, असं कायदाच सांगतो. मला ही अट जाचक वाटत नाही. वाफे मधोमध, रान कडेकडेने, एवढं जमलं की दोघांचं भागतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. नोव्हेंबरमध्ये ब्रॉड बीन्स पेराल तर पायवाटेलगतच्या वाफ्यात पेरा. वसंतात त्यांच्या फुलांवर भुंगे येतात, आणि पाहणीला आलेली समितीही बहुधा पायवाटेवरूनच बघते.