वाहन आपले, हात दुसऱ्याचा

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात हातकणंगले येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला. त्यानंतर मी जो विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे, तो ऐकून कित्येकांस हसू येईल. तीस-चाळीस वर्षे मोटार चालविलेले आपल्यातील अनेक वृद्ध गृहस्थ आपल्या गाडीत स्वतःच्या हाताने कधी पेट्रोल भरलेले नाहीत, आणि भरण्याची वेळ आलीच तर ते त्यांस येत नाही. आंबा घाटातून रात्रीच्या पावसात गाडी नेणारा माणूस पेट्रोलची नळी हाती घेताच गोंधळतो, हे दिसावयास विचित्र खरे. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ह्यात त्यांचा दोष नाही. आपल्या देशात पेट्रोल पंप आला तो माणसासह आला. जुन्या पंपांचा दांडा हाताने हलवून पेट्रोल वर चढवावे लागे, आणि ते काम पंपावरील नोकराचे असे. पुढे विजेवर चालणारे, लिटर आणि रुपये आपोआप दाखविणारे पंप आले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल ह्या परदेशी कंपन्यांचा येथील कारभार सरकारने आपल्याकडे घेतला, आणि रस्त्यारस्त्यांवर हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ह्या नव्या पाट्या लागल्या. पाट्या बदलल्या, यंत्रे बदलली. नळी धरणारा हात मात्र पंपावरील सेवकाचाच राहिला. ट्रकचा चालक खाली उतरला नाही, कारण टाकीचे झाकण काढावयास क्लीनर होता. एस.टी.च्या चालकास आगारातच डिझेल मिळे. आजही सांगली-कोल्हापूर रस्त्यावर कोणत्याही पंपावर आपण गाडी उभी केली, तर काच खाली करून रक्कम सांगावयाची एवढेच आपले काम. जे काम करण्याचा प्रसंगच आला नाही, ते येत नाही ह्यात नवल ते काय?

हे केवळ आपल्याच लोकांचे होते असेही नाही. अमेरिका हा देश यंत्रांचा म्हणून प्रसिद्ध. तेथे बहुतेक राज्यांत ज्याचे त्याने उतरून पेट्रोल भरावयाचे असते. परंतु त्याच देशातील न्यू जर्सी राज्यात १९४९ च्या कायद्याने ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई केली, आणि ती आजही लागू आहे. ऑरेगॉन राज्यानेही १९५१ मध्ये तसाच कायदा केला होता. तेथे २०१८ च्या आरंभापासून विरळ वस्तीच्या परगण्यांत लोकांस स्वतः पेट्रोल भरण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा जन्मभर मोटार चालविलेले नागरिकही धास्तावले, आणि इतर राज्यांतील लोकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ती मोकळीक राज्यभर झाली. मात्र दाट वस्तीच्या परगण्यांत माणसाच्या हाताने पेट्रोल भरून देण्याची सोयही पंपचालकाने ठेवलीच पाहिजे, असे तेथील कायदा सांगतो. तात्पर्य, हा बुद्धीचा प्रश्न नसून सवयीचा आहे. ज्यास प्रसंग पडला तो शिकला. ज्यास पडला नाही तो राहिला.

आता हा प्रसंग आपल्या दारी कसा येतो ते पाहू. समाजातील कित्येक मुले-मुली आज परदेशी आहेत, आणि आईवडील चार-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतात. न्यू जर्सीतील एडिसन गावी राहणाऱ्या आपल्या माणसांस अडचण पडत नाही. परंतु डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की पंपावर कोणी पुढे येत नाही. तेथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, हे ऐकून आपल्या माणसास प्रथम स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवतो. माप गॅलनचे, म्हणजे आपले सुमारे पावणेचार लिटर. इंजिन बंद करावे, यंत्रावर आधी पैसे भरावेत, पेट्रोलचा प्रकार निवडावा, नळी टाकीच्या तोंडात नीट बसवून घोडा दाबावा. टाकी भरली की प्रवाह आपोआप थांबतो. त्यानंतर थेंबभरही अधिक भरू नये. नळी जागेवर ठेवून झाकण ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत फिरवावे, की काम संपले. कार्ड घातल्यावर यंत्र पुष्कळदा पाच आकडी पोस्टाचा क्रमांक विचारते, आणि आपला पिनकोड सहा आकडी. तेथेच आपला माणूस अडतो. अशा वेळी आत दुकानात जाऊन पंपाचा क्रमांक व रक्कम सांगून रोख पैसे द्यावेत, हा सरळ उपाय. एकदा समोर उभे राहून पाहिले तर पाच मिनिटांत येणारी ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, आम्हांस अमेरिकेला जावयाचे नाही, हातकणंगल्यात बसून ह्या शिकवणुकीचा उपयोग काय?’ उपयोग आहे, कारण बदल येथेही येऊन ठेपला आहे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, आणि आता पंपावरील मुलगा नोटेऐवजी क्यूआरचा फलक पुढे करतो. आपल्यातील काही वडीलधारी मंडळी आपला मोबाईल त्याच्या हाती देतात आणि गुप्त क्रमांक मोठ्याने सांगून ‘तूच कर बाबा’ म्हणतात. तो मुलगा प्रामाणिक असेल. पण मागे उभा असलेला चौथा माणूस कोण आहे, हे कोणास ठाऊक? हा क्रमांक म्हणजे तिजोरीची किल्ली आहे. तो कोणासही सांगू नये. पैसे देताना तो लागतो, घेताना कधीही लागत नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पाठ झाले पाहिजे.

दुसरा बदल विजेच्या गाड्यांचा. ह्या गाड्यांच्या चार्जिंगच्या पुष्कळ जागी सेवक नसतो. मोबाईलवर नोंद करून, जड जोड स्वतः उचलून, गाडीत तो पक्का बसला की नाही हे पाहून वाट पाहत थांबावे लागते. मुलाने हौसेने विजेची गाडी घेऊन दिली आणि ती वापरण्याची विद्या दिली नाही, तर ती गाडी वडिलांना पाय देण्याऐवजी घरी बसविते. पूर्वी ज्यांनी सर्व तालुका पालथा घातला, त्यांनी लग्नकार्याला जावयाचे तर ‘कोणी नेईल काय?’ असे विचारावे, ही गोष्ट लहान नव्हे. म्हातारपण गुडघ्यांतून येण्याच्या आधी पुष्कळदा ‘आता हे आपल्याला जमणार नाही’ ह्या शब्दांतून येते.

बंधूंनो, आपला समाज सुतार-लोहारांचा. ह्या मुलखातील बैलगाडीचे चाक आपल्या पूर्वजांनी घडविले. तुंबा कोणत्या लाकडाचा, आरे किती, लोखंडी धाव तापवून कोणत्या क्षणी चढवावी, हे त्यांस हाताने ठाऊक होते. गाडी ज्याची असे, तो शेतकरीही वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगून ठेवी आणि आखाला वंगण स्वतः देई; त्यासाठी दुसऱ्याची वाट पाहत नसे. चाक घडविणाऱ्यांच्या वंशजांनी आपल्या वाहनाविषयी अगदीच परस्वाधीन व्हावे, हे मनाला रुचत नाही. ह्याच तालुक्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडलेल्या ह्या पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठरविले. वसतिगृहातील मुलांनी शेतात राबावे, स्वतःचे अन्न स्वतः शिजवावे, हा त्यांचा आग्रह. ते ब्रीद केवळ कोवळ्या वयासाठी आहे, असे कर्मवीरांनी कोठे म्हटले?

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पंपावरील सेवकास हाकलून द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या नोकरीवर किती घरांच्या चुली पेटतात! उन्हात व पावसात दिवसभर वाफा घेत उभ्या राहणाऱ्या त्या मुलास ‘ए’ म्हणून हाक न मारता ‘दादा’ म्हणावे, ही आपली रीत असली पाहिजे. दुसऱ्याकडून काम करून घेणे वेगळे आणि त्या कामाविषयी आंधळे असणे वेगळे. गाडीतून खाली उतरावे, आकडा शून्यावर आहे हे पाहावे, आपल्या गाडीला पेट्रोल की डिझेल हे आपल्या तोंडाने सांगावे. चुकीचे इंधन पडलेच, तर इंजिन सुरू करू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि मिस्त्रीस बोलवावे. मापाविषयी शंका वाटली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून मागण्याचा ग्राहकास हक्क आहे, आणि तो न भांडता मागावा. ज्यास काम समजते तोच दुसऱ्याच्या कामाची कदरही करू शकतो.

भगिनींविषयी दोन शब्द. पुष्कळ घरांतून गाडीचे सर्व काही यजमान पाहतात. ईश्वर न करो, पण ते गेले की गाडी दारात आच्छादनाखाली उभी राहते आणि वर्षभरात मिळेल त्या किमतीला विकली जाते. कारण बाईंना चालविता येत असले तरी हवा किती भरावयाची, विम्याचे कागद कोठे, ह्यांतील काही कोणी सांगितलेले नसते. उलट स्वयंपाकाचा सिलिंडर बदलणे हे त्या माउलीचे काम म्हणून यजमानांनी रेग्युलेटरला कधी हात लावलेला नसतो. दोघांनीही एकमेकांची ही विद्या वेळीच घ्यावी.

तरुणांस माझी विनंती आहे. वडिलांस शिकविताना ‘एवढेही येत नाही?’ हे शब्द उच्चारू नका. तुम्हांस अक्षर गिरवावयास शिकविताना त्यांनी ते उच्चारले नव्हते. त्यांच्या हातून काम काढून घेऊन भराभर करून टाकणे म्हणजे शिकविणे नव्हे. त्यांचा हात चालू द्यावा, आपण शेजारी उभे राहावे. आणि वडीलधाऱ्यांस विनंती अशी की, नातवापुढे विद्यार्थी होण्यात कमीपणा मानू नका. पंचावन्न वर्षांनंतर वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. तद्वत् आपल्या हातांचाही परवाना अधूनमधून नवा करून घ्यावा.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. वर्षातून एका रविवारी समाजाच्या सभागृहाच्या अंगणात चार तरुणांनी आपल्या गाड्या आणाव्यात आणि वृद्ध स्त्री-पुरुषांस पाच गोष्टी प्रत्यक्ष करावयास लावाव्यात : चाकातील हवा तपासणे, इंजिनाच्या तेलाची पट्टी पाहणे, स्टेपनी बदलणे, विजेच्या गाडीचा जोड लावणे-काढणे, आणि मोबाईलवरून एक रुपया देणे. सत्कारास लागणाऱ्या हारतुऱ्यांहून ह्याचा खर्च कमीच येईल. त्यातून एक जरी वृद्ध आपल्या गाडीने, आपल्या हिमतीवर पुढल्या मेळाव्यास आला, तरी हा दिवस सार्थकी लागला असे मी समजेन.