परदेशी जाताना मोटार न्यावी काय?



गोव्यातून किंवा बडोद्याहून बिऱ्हाड हलवून परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या कुटुंबापुढे अनेक प्रश्न उभे राहतात. भांडीकुंडी, पुस्तके, कपाटे यांची वाटणी थोड्याबहुत चर्चेने होते. परंतु दारातील मोटारीचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. हप्ते फेडून मिळविलेली ती वस्तू. तिच्यातून मुले शाळेत गेली, वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेले. ‘विकून टाकू’ हे शब्द सहजी तोंडातून निघत नाहीत. तथापि ममता व हिशेब यांच्या वह्या निराळ्या ठेवल्या पाहिजेत. कारण नव्या देशात घर मांडण्यासाठी साठविलेला पैसा याच एका निर्णयात खर्ची पडू शकतो.

पहिला प्रश्न रस्त्याच्या बाजूचा. आपली वाहने डावीकडून चालतात, म्हणून स्टिअरिंग उजव्या हाताला असते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथेही हीच रीत आहे. आखाती देशांत, अमेरिकेत व पोर्तुगालमध्ये ती उलट आहे. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, पण त्याच्याच ताब्यातील गोव्यात डावी बाजू कायम राहिली. कारण सरहद्दीपलीकडचा सारा मुलूख डावीकडून चालणारा होता. राज्यकर्त्यांनाही जेथे शेजारचा रस्ता पाहावा लागला, तेथे एका कुटुंबाने तो न पाहून कसे चालेल?

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. निवास बदलून तेथे जाणाऱ्यास करमाफी मिळू शकते. परंतु तो निदान १२ महिने त्या देशाबाहेर राहिलेला असावा आणि गाडी निदान ६ महिने त्याच्या मालकीची व वापरातील असावी लागते. पुढे १२ महिने ती विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. गाडी पोहोचल्यावर १४ दिवसांच्या आत करखात्यास कळवावे लागते. गाडी १० वर्षांहून कमी वयाची असेल, तर तेथील नियमांप्रमाणे तिची तपासणी होऊन मान्यता मिळावी लागते. वेगमापकावर मैल दिसले पाहिजेत. ऑस्ट्रेलियात तर गाडी बोटीवर चढण्यापूर्वीच आयातीचा परवाना हाती असावा लागतो. तेथे चाकांच्या पोकळीतील चिखल व गवताचे बीदेखील तपासतात आणि धुण्याचा खर्च मालकाकडून घेतात.

परतीची वाटही सोपी नाही. वापरलेली मोटार भारतात आणावयाची, तर ती उत्पादनापासून ३ वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि वेगमापक किलोमीटरचे असावे, अशा अटी आहेत. शिवाय आयातशुल्क जबर. तेव्हा आखातात हौसेने घेतलेली गाडी घरी आणण्याचा बेत प्रायः तेथेच सोडून द्यावा लागतो.

तिसरा प्रश्न निगराणीचा. याचाच विचार सर्वांत कमी होतो, आणि याचाच खर्च सर्वांत दीर्घकाळ चालतो. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी मोटारी पुष्कळ होत्या. पुढे आयातीवरील निर्बंधांमुळे त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले, आणि आपल्या मेकॅनिकांनी जुन्या भागांची जुळवाजुळव करून त्या चालत्या ठेवल्या. ती करामत येथे स्वस्तात झाली. जेथे कारागिराच्या एकेका तासाचा दर भारी आहे, तेथे ती परवडत नाही. केवळ आपल्याकडेच विकले जाणारे मॉडेल असेल, तर साधा दिवाही समुद्रापलीकडून मागवावा लागेल. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने गाडीचा तळ गंजतो. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर ते गोठून इंजिन फुटण्याचा संभव असतो. ३ वर्षांनंतर गाडीची दरसाल तपासणी होते, ती वेगळीच.

म्हणून कागदावर दोन रकाने आखावेत. एकीकडे बोटीचे भाडे, विमा, बंदराचा आकार, कर, फेरफार, तपासणी व नोंदणी लिहावी. दुसरीकडे, येथे विकून येणारी रक्कम वजा करून तेथे तशीच जुनी गाडी घेण्यास किती भर घालावी लागेल, ते लिहावे. बहुतेक वेळा पहिला रकाना जड भरतो. गाडी थोड्या वर्षांची, तेच मॉडेल तेथेही विकले जाणारे आणि रस्त्याची बाजू जुळणारी असेल, तरच नेण्याचा विचार करावा. वर्षभराचाच मुक्काम असेल, तर मोटार-संघाकडून मिळणारे तात्पुरते परवानापुस्तक घेता येते. मात्र मुदतीत गाडी परत आणली नाही, तर कर भरावा लागतो.

न्यावयाचेच ठरले, तर खरेदीची पावती, नोंदणीपुस्तक व दुरुस्तीच्या नोंदी हाताशी ठेवाव्यात. सुटे भाग मागविताना चासी क्रमांक सांगावा लागतो, तोही टिपून ठेवावा. पण ही सारी चौकशी बोटीवर जागा घेण्यापूर्वी करावी. एका कागदावाचून बंदरात अडकलेल्या गाडीवर दररोज भाडे चढत असते, आणि ते मुलांच्या फीच्या व घरभाड्याच्या पैशांतून द्यावे लागते. ती पाळी येण्याऐवजी आपली गाडी आपल्या गावातच चांगल्या माणसाच्या हाती सोपवावी, आणि आलेली रक्कम परक्या मुलखातील पहिल्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे होय.