सोबतीचे मोल



संकटसमयी जिव्हाळ्याचे माणूस जवळ असले की मन हलके होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु या सोबतीचा परिणाम केवळ मनावर होतो की देहावरही, याचा शोध शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घेतला आहे.

भीती वा चिंता उत्पन्न होताच मेंदूचा आदेश मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचतो. प्रथम अ‍ॅड्रिनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदयाची गती, रक्तदाब व रक्तातील साखर वाढते. हा खर्च प्रसंगापुरता असेल तर शरीर तो सहज सोसते. मात्र तो महिनोनमहिने चालू राहिला, तर आरोग्याचे भांडवलच आटू लागते.

झ्यूरिच येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३७ निरोगी पुरुषांना परक्या परीक्षकांपुढे भाषण करावयास व तोंडी गणिते सोडवावयास सांगितले. तयारीच्या वेळी ज्यांच्यासोबत जिवलग मित्र होता, त्यांच्यात कॉर्टिसॉलची वाढ कमी आढळली. २००६ साली अमेरिकेतील जेम्स कोन व सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण केले. विजेचा सौम्य धक्का बसण्याची शक्यता समोर असता, पतीचा हात हाती असताना मेंदूतील भयाची खळबळ मंदावली. परक्याच्या हाताने हा लाभ अल्प झाला. ज्यांचे सहजीवन अधिक सुखी, त्यांना लाभही अधिक झाला.

तथापि, प्रत्येक आधार लागू पडतोच असे नाही. जर्मनीतील १९९५ च्या एका अभ्यासात जोडीदाराच्या आधाराने पुरुषांचा ताण घटला, स्त्रियांचा मात्र घटला नाही. उलट त्यांचे कॉर्टिसॉल वाढण्याकडेच कल दिसला. तसेच, न्यूयॉर्क येथे वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यांच्या अभ्यासात (२०००) असे आढळले की, परीक्षार्थीला मदत जाणवली तेव्हा त्याची अस्वस्थता वाढली. जोडीदाराने केलेली मदत त्याच्या ध्यानीही आली नाही, तेव्हा ती सर्वाधिक उपयोगी पडली. मदतीची जाणीव होताच आपण दुबळे ठरलो असे घेणाऱ्यास वाटत असावे. आपल्याकडे गुप्तदानास श्रेष्ठ मानतात, त्यातील मर्म येथेही प्रत्ययास येते.

२०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ, त्यांची त्या त्या अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

म्हणूनच व्यापारात ठोकर लागलेला बंधू, परीक्षेच्या धास्तीने जागणारे मूल, जोडीदार गमावलेली वृद्ध माता यांच्याकडे जाताना उपदेशाची शिदोरी घरीच ठेवावी. निमूटपणे शेजारी बसावे, ऐकावे आणि एखादे काम न सांगता उरकून यावे. त्याची नोंद कोणत्याही वहीत होणार नाही. मात्र समोरच्याच्या हृदयाचे ठोके ती निश्चित ठेवतील.