जीन्सचा पाय, विहिरीची कप्पी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंतींखाली अनेकांचे हातपाय मोडले. हाड जुळणं वेगळं आणि पाय पुन्हा चालता होणं वेगळं. मधे व्यायामाचे महिने असतात. आजही मोटरसायकलवरून पडलेला माणूस नांदेडला किंवा लातूरला प्लास्टर काढून गावी परततो. व्यायामासाठी रोज एसटीने शहर गाठणं कसं जमणार?

म्हणून साधनं घरीच करू. जुन्या जीन्सचा पाय वीतभर कापा. अर्धा किलो कोरडी वाळू जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिचं तोंड घट्ट बांधा, ती कापडात घाला, दोन्ही टोकं शिवा आणि बांधायला नाड्या लावा. झालं घोट्याचं वजन! खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, पाय सावकाश खाली. धपकन सोडायचा नाही. खाली आणतानाही स्नायू काम करतो.

खांदा आखडलाय? विहिरीवरची कप्पी दाराच्या वरच्या भक्कम कडीला अडकवा, दोर ओवा. चांगल्या हाताने ओढलं की दुखरा हात अलगद वर जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टीही ताणायला उत्तम.

मात्र हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच वजन बांधा, आणि किती, कधी वाढवायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारा. पिशवी सोबत न्या, दाखवा. सूज आली किंवा रात्री ठणका लागला, तर थांबा आणि त्यांना कळवा.