न वाजलेला फोन



बाजार मोकळा आहे, गुण असेल त्याला मागणी येतेच, असं आपल्याला सांगतात. पण मागणी येऊच नये याची तजवीज मालकांनी आपसात केली तर?

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत हेच झालं. अॅपल, गूगल, इंटेल, अडोबी. दुकानं वेगळी, पण दोघा-दोघांत गुपचूप ठरलेलं : तू माझ्या माणसाला फोन करायचा नाही, मी तुझ्या माणसाला करणार नाही. २००७ साली गूगलच्या भरती खात्यातल्या कुणीतरी अॅपलच्या एका इंजिनिअरला विचारलं. अॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं गूगलच्या प्रमुखाकडे तक्रार केली. विचारणाऱ्याची नोकरी गेली!

एवढी भीती एका फोनची? हो. फोन आला की माणसाला आपली किंमत कळते. तो नोकरी सोडत नाही, तरी पगारवाढ मागतो. मग शेजारच्या टेबलावरचाही मागतो. फोन बंद, की सगळ्यांचेच पगार दाबले. आणि न वाजलेल्या फोनचा पुरावा कुठून आणणार? लुटलेल्यालाच पत्ता नाही.

२०१० साली अमेरिकेच्या न्याय खात्यानं हे उघड्यावर आणलं. दंड नाही, फक्त 'पुन्हा करू नका'. मग चौसष्ट हजारांवर कर्मचाऱ्यांच्या वतीनं दावा लागला. २०१४ साली न्यायाधीश लुसी कोह यांनी ठरलेली तडजोड अपुरी म्हणून फेटाळली. २०१५ साली या चार कंपन्यांना ४१ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले.

'धंद्याची रीतच आहे' म्हणणाऱ्यांनी ऐकावं. २००७ सालीच जॉब्सनं पाम कंपनीच्या एड कॉलिगनपुढे हाच सौदा ठेवला होता. हे बेकायदा असेल, असं सांगून त्यानं नकार दिला. म्हणजे नाही म्हणता येत होतं.

आपल्याकडे १८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम आहे. माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार ते तेवढ्यापुरता रद्द ठरवतं. पण मालकामालकांचा करार आपल्या सहीनं होत नाही, आपल्या हातीही पडत नाही. कलम लावणार कशाला?

म्हणून सांगतो : बोलावणं येत नाही म्हणजे आपल्याला किंमत नाही, असं समजू नका. फोनची वाट बघत बसू नका, स्वतः अर्ज टाका. शेजाऱ्याला पगार विचारा, आपला सांगा. लाज कसली? मालक आपल्या पगाराबद्दल एकमेकांशी बोलतात. आपणच तेवढं गप्प का बसायचं?