टाकीत काय ठेवणार, ते आधी सांगा
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



औषधाच्या कारखान्यासाठी माळाची जमीन बघायला माणसं येऊन गेली. नोकऱ्या देऊ म्हणाली. आत काय बनणार, ते मात्र बोलली नाहीत. म्हणून आज भोपाळचं सांगतो.

बॅटरीतले एव्हरेडी सेल आपण घेतो ना, ते त्या काळी युनियन कार्बाइड करायची. तिनेच १९६९ साली भोपाळला पिकांवरच्या कीडनाशकाचा कारखाना काढला. सुरुवातीला बाहेरून आणलेला माल मिसळून पुड्या भरायच्या. पुढे १९८० च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट, ज्याला कामगार ‘मिक’ म्हणत, ते तिथंच करू लागले. त्यापासून सेविन नावाचं औषध होई. मिक ३९ अंशाला उकळतं. म्हंजे आपल्याकडे चैत्र-वैशाखात सावलीत असतं तेवढ्यावर! त्यात पाणी गेलं तर ते भडकतं. म्हणून ते थंड ठेवावं लागतं, तेही थोडं. इथं तर टाक्या भरून ठेवलं होतं. हेच औषध मिक न करता बनवायची दुसरी रीतही होती.

औषध खपेना, तोटा आला. मग खर्च कुठं कापला? मिकच्या कामावर एका पाळीला १२ माणसं होती, ती ६ केली. जून १९८४ पासून टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद. गॅस जाळायच्या धुराड्याचा पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेला. कागदावर सगळं होतं बरं का.

२ डिसेंबरच्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. सुमारे ४० टन गॅस बाहेर पडला आणि झोपड्यांवर गेला. भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला. लोक वारा जाईल तिकडंच पळाले. तोंडावर ओलं फडकं धरलं असतं तरी पुष्कळ जीव वाचले असते. फडकं घरोघरी होतं, पाणी होतं. सांगितलं नव्हतं कुणी. कुठला गॅस, त्यावर इलाज काय, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. तिथले लोक म्हणतात, खरे मेले ते कितीतरी जास्त.

आणि भरपाई? १९८५ साली कायदा करून सरकारनेच सगळ्यांचे दावे आपल्या हाती घेतले. १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर कंपनीशी मिटवलं. ज्यांची माणसं मेली त्यांना विचारलंसुद्धा नाही. आपल्या जमिनीचा निकाल असाच कचेरीत बसून लावतात, ते आपल्याला नवं नाही.

ती माणसं पुन्हा येतील. चहा द्या, अंगठा देऊ नका. काय बनवणार, टाकीत किती ठेवणार, घाण पाणी कुठल्या ओहोळात सोडणार, आणि टाकी फुटली तर आम्ही पोरं घेऊन कुठल्या बाजूला पळायचं, हे मराठीत लेखी मागा. कागद आला की सगळ्या पाड्यांसमोर मोठ्यानं वाचू. त्याआधी माळावर खुंटी ठोकू द्यायची नाही.