माणूस कशानं टिकतो?

सांगली, इचलकरंजी, सातारा, बेळगावहून आलेले उद्योजक मित्र, आयटीआयचे प्राचार्य आणि निदेशक, आणि ज्यांच्याविषयी आज दिवसभर बोलायचं आहे ते आपले कामगार बंधू-भगिनी, स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं कोल्हापुरात मनापासून स्वागत करतो.

या परिषदेचा विषय ठरवताना नवी यंत्रं आणि कुशल मनुष्यबळ यांवर वेगवेगळ्या परिषदा घ्याव्यात, अशी सूचना आली होती. मला हे दोन्ही विषय एकच वाटतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत आज लहान शॉपमध्येही व्हीएमसी, म्हणजे संगणकीय प्रोग्रामवर चालणारं मशीनिंग यंत्र, उभं आहे. त्यासाठी बँक कर्ज देते, कंपनीचा इंजिनिअर येऊन ते बसवून देतो. पण आपल्या कास्टिंगवर, आपल्या फिक्श्चरवर ते चालतं करतो तो सेटर. पन्हाळा-शाहूवाडीकडचा, आयटीआय झालेला मुलगा. इन्सर्ट झिजला की कटिंगचा आवाज बदलतो, तो त्याला पाठमोरा उभा असतानाही कळतो. कास्टिंगचा लॉट कडक आला तर फीड किती कमी करायचा, कुठल्या टूलला किती ऑफसेट द्यायचा, हे तो खिशातल्या छोट्या डायरीत टिपून ठेवतो. तेलाच्या बोटांनी पानं काळवंडलेली असतात. हा मुलगा पुण्याजवळच्या चाकणला, मोठ्या कारखान्यात गेला की डायरीही जाते, आणि पुढचे कित्येक दिवस आपण तिची किंमत रिजेक्शनमध्ये मोजत राहतो.

तो का गेला, असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं: पगार जास्त मिळाला. पगार महत्त्वाचा आहेच, पण फोर्डचं उदाहरण पाहा. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात मोटारीची जुळणी फिरत्या पट्ट्यावर सुरू झाली. एकच बोल्ट दिवसभर आवळायचा, हे काम कसबी माणसाला सोसेना. त्या वर्षी सुमारे १४ हजार कामगारांचा कारखाना चालू ठेवण्यासाठी ५० हजारांहून अधिक माणसं भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं रोजची कमाई जवळपास दुप्पट करून ५ डॉलरवर नेली आणि पाळी ९ तासांवरून ८ तासांवर आणली. गळती झपाट्यानं उतरली. ही गोष्ट आपण सगळे सांगतो, पण तिचा पूर्वार्ध विसरतो. यंत्रानं माणसाचं कसब काढून घेतलं होतं, त्याची भरपाई फोर्डला पैशानं करावी लागली. आपल्या लहान कारखान्यांना तेवढी भरपाई परवडणारी नाही. म्हणून कसब काढूनच घेऊ नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

प्रोग्रामला पासवर्ड लावायचा आणि ऑपरेटरच्या हाती फक्त सायकल स्टार्टचं बटण ठेवायचं, ही पद्धत सोडली पाहिजे. नवं मशीन घेतलं की प्रशिक्षणाला मालकाचा मुलगा जातो, तसा ते चालवणाराही गेला पाहिजे. त्याच्या डायरीतलं ज्ञान सेटअप शीटवर यावं, त्याच्या नावासह यावं आणि त्याचा मोबदला त्याला मिळावा. हेल्परपासून प्रोग्रामरपर्यंतची वाट त्याला पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे. ‘शिकवलं की जातो’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. न शिकवलेलाही जातोच. आणि जो राहतो त्याला पुढं शिकण्यासारखं काहीच नसेल, तर त्या राहण्याचा आपल्याला तरी काय उपयोग?

मालक मित्रांना आणखी एक स्पष्टपणे सांगतो. मुलांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणं, बाँडवर सह्या घेणं, ‘तुझा माणूस मी घेणार नाही, माझा तू घेऊ नकोस’ असं आपापसात ठरवणं, या गोष्टी अन्यायाच्या आहेत आणि त्या थांबल्या पाहिजेत. अडवून ठेवलेला माणूस मन लावून काम करत नाही. आयटीआयमधून आता मुलीही येत आहेत. शॉपमध्ये धड स्वच्छतागृह नाही, दुसऱ्या पाळीनंतर घरी पोचवणारी गाडी नाही, म्हणून त्या सोडून जातात, आणि नोंद होते ‘घरगुती कारण’ अशी.

माणसं टिकवण्याचा विचार या भागाला नवा नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभारला, तेव्हा कामगारांसाठी वस्तीही वसवली. किर्लोस्करवाडी आजही आहे.

दुपारच्या सत्रात सेटर, ऑपरेटर आणि नोकरी सोडून गेलेली काही मुलं बोलणार आहेत. त्यांचे मालक सभागृहात असले तरी मोकळेपणानं बोला, असं आम्ही त्यांना सांगितलं आहे, आणि त्याची जबाबदारी स्वागत समितीनं घेतली आहे. त्या सत्रात मालकांसाठी प्रश्नोत्तरं ठेवलेली नाहीत. सर्वांनी शेवटपर्यंत थांबून ऐकावं, ही विनंती. आता उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी त्यांना विनंती करतो.